एका छताखालचा हिशेब

(शिरूर व दौंड तालुका विभागाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



 मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून सारे आयुष्य घालविलेला एक सामान्य शिक्षक. चिटणीसांनी जेव्हा भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'खोलीचे भाडे' असे उत्तर दिले. ते हसले. त्यांस वाटले, गुरुजी थट्टा करीत आहेत. परंतु मी थट्टा करीत नव्हतो.

आज ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला, त्यांपैकी बहुतेकजण थोड्याच दिवसांत घर सोडतील. कोणी पुण्यास सदाशिव पेठेत वा नवी पेठेत 'कॉट बेसिस'वर जागा घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासास बसेल. कोणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत लागेल. आपल्या काही मुली परिचारिकेच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणासाठी दूर जातील. त्यांस आपण शाल, श्रीफळ आणि पुस्तके दिली. पण परक्या तिघांबरोबर एका खोलीत राहताना भाडे, वीज, गॅस, दूध आणि किराणा यांचा खर्च कसा वाटून घ्यावा, हे त्यांस कोणीच शिकविलेले नाही. आम्ही शिक्षकांनीही नाही. भागीदारीची गणिते आम्ही पुष्कळ घातली. अ, ब आणि क यांनी किती भांडवल किती महिने गुंतविले हे मुलांकडून तोंडपाठ करवून घेतले. परंतु त्या अ, ब आणि क यांस आम्ही कधी एका खोलीत नांदविले नाही.

हा विषय मला का सुचला, ते सांगतो. त्यात माझा स्वतःचा एक अपराध आहे.

१९८१ साली मी दौंडजवळच्या एका खेड्यातील शाळेत होतो व दौंड शहरात खोली घेऊन राहत असे. आम्ही तिघे होतो: मी, माझ्यासारखाच एक शिक्षक आणि रेल्वेच्या धावत्या गाड्यांवर नोकरी करणारा एक तरुण. दौंड म्हणजे सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे मार्ग जेथे फुटतात ते जंक्शन. तेथे असे तरुण गल्लोगल्ली असत. खोलीचे भाडे ७५ रुपये, म्हणजे माणशी २५. स्वयंपाक स्टोव्हवर आम्हीच करीत असू. मी गणिताचा मास्तर, म्हणून वही साहजिकच माझ्याकडे आली. महिनाअखेर मी सगळ्या खर्चाची बेरीज करी, तिला तीनाने भागी आणि ज्याचा त्याचा आकडा सांगे. मला ही पद्धत अतिशय न्याय्य वाटे.

आमचा रेल्वेवाला सोबती महिन्यातून बारा दिवस तरी गाडीबरोबर बाहेर असे. एके दिवशी तो भीतभीत म्हणाला, "गुरुजी, भाडे मी पुरे देईन, पण जेवणाचे माझे खाडे धरा." मी म्हणालो, "तिघांचा संसार म्हणजे तिघांत हिशेब. तुमचे खाडे धरले तर उद्या हेही माघारी गावी गेलेले दिवस सांगतील." तो पुढे काही बोलला नाही. तीन महिन्यांनी सगळे पैसे चुकते करून, ट्रंक घेऊन तो दुसरीकडे राहावयास गेला.

तो गेल्यावर आमची फजिती झाली. त्या आळीत नळाला पाणी पहाटे चारला येई. रात्रपाळी करून परतल्यावर निजण्यापूर्वी तो आम्हां तिघांसाठी पाणी भरून ठेवी. आम्ही उठत असू तेव्हा पिंप भरलेले असे, आणि ते कोण भरते याचा विचार आम्ही केलेला नव्हता. पुढे त्या कामास १५ रुपये महिना देऊन बाई ठेवावी लागली, तेव्हा मी वही उघडून बसलो. महिन्याचा जेवणखर्च २३४ रुपये होता. आम्ही दोघे तीस-तीस दिवस जेवलो, तो अठरा दिवस. एकूण अठ्ठ्याहत्तर दिवस. दिवसास तीन रुपये पडले. त्याचे व्हावयास हवे होते ५४ आणि मी घेतले होते ७८. महिन्यास २४ रुपये जास्त. पाण्याचे पाहिले तर दिवसास आठ आणे. त्याच्या अठरा दिवसांचे नऊ रुपये. त्याचा स्वतःचा तिसरा हिस्सा वगळता सहा रुपयांचे काम तो आमच्यासाठी फुकट करीत होता. चोवीस आणि सहा मिळून तीस. खोलीतील त्याचे भाडे होते पंचवीस! म्हणजे तो आपल्या भाड्याहून मोठी रक्कम दरमहा आम्हां दोघांच्या पदरात घालीत होता, आणि मी वहीत त्यास 'बरोबर' अशी खूण करीत होतो.

मी त्यास शोधून पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. दुसऱ्या वर्षी माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तो आला नाही. पुढे त्याची बदली झाली आणि संबंध उरला नाही. तेवढ्या रकमेपायी मी एक चांगला माणूस गमावला, आणि तोही चोरी वा लबाडी करून नव्हे, तर तीनाने भागून.

वास्तविक आमच्या वाडवडिलांना हे कळत होते. आपल्या भागात सावड करण्याची चाल होती. एकाची पेरणी दुसऱ्याने, दुसऱ्याची पहिल्याने करावयाची. परंतु त्यातही माणसाचा दिवस आणि बैलजोडीचा दिवस सारखा धरीत नसत. ज्याची जोडी आली त्याचे किती दिवस फेडावयाचे, हे बांधावरच ठरे. अक्षरशत्रू माणसे होती ती. पण समान आणि रास्त यांतील भेद त्यांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

तसेच मुंबईचे. आपल्या जिल्ह्यातील आणि घाटावरील किती घरांतील माणसे गिरण्यांत होती! माझे चुलते त्यांपैकी एक. परळकडील एका गाळ्यात ते वीस वर्षे राहिले. पूर्वीच्या मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची होती. चुलत्यांचा गाळा त्या चाळींतील नव्हे, पण माप साधारण तेच; आणि त्यात डझनावारी माणसे. हे शक्य होई पाळ्यांमुळे. रात्रपाळीवाला निजावयास येई तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असे. चुलते सांगत की, गाळ्याचे भाडे आणि खाणावळीचे पैसे या दोन गोष्टी कधी एकत्र करीत नसत. तुम्ही सुगीसाठी दोन महिने गावी गेलात तरी गाळ्याचा हिस्सा पाठविलाच पाहिजे, कारण तुमची ट्रंक आणि वळकटी तेथे आहे, आणि परत आल्यावर जागा हवी आहे. खाणावळीचे मात्र जेवाल तेवढ्याचे. जेवण करून घालणारी बाई वेगळी, तिचा हिशेब प्रत्येकाशी वेगळा. या बायांनी संपाच्या दिवसांत गिरणी कामगारांस उधारीवर जेवू घातले; त्यांचीच संघटना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नावाने उभी केली, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

जागेचे देणे हक्कावर आणि अन्नाचे देणे खाण्यावर, हा जो विवेक गाळ्यातील कामगारांस होता, तो १९८१ साली मला, पदविका घेतलेल्या शिक्षकाला, नव्हता.

पण त्या गाळ्याची दुसरीही एक बाजू चुलत्यांनी सांगितली आहे. भाड्याची पावती एकाच्या नावे फाटत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, माणसे गावोगाव पांगली. पुढे गाळ्याचे काय करावयाचे हा प्रश्न आला तेव्हा, ज्याचे नाव पावतीवर होते त्याचा गाळा झाला. वीस वर्षे हिस्सा भरलेल्या माझ्या चुलत्यांच्या वाट्यास आली त्यांची ट्रंक. त्यांनी कोणास दोष दिला नाही. "लिहून कोणी घेतले होते?" एवढेच म्हणत.

आता हल्लीच्या काळाकडे येतो. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली. त्या वेळी माझ्या ओळखीची चार मुले, दोन शिरूरकडील व दोन दौंडकडील, पुण्यास नवी पेठेत एक लहानसा फ्लॅट घेऊन राहत होती. ५ एप्रिलची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली. चौघेही एकेक पिशवी घेऊन घरी आले. पुस्तके, गाद्या, शेगडी तेथेच राहिली. करारनामा एका मुलाच्या नावे होता आणि अनामत रक्कमही त्याच्याच वडिलांनी भरली होती. सरकारने १७ एप्रिल रोजी घरमालकांस सूचना दिली की, तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी आणि थकबाकीसाठी कोणास बाहेर काढू नये. परंतु पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे. महिने साठत गेले. तिघांचे म्हणणे असे की, आम्ही तेथे राहत नाही, मग भाडे कशाचे? चौथ्याचे म्हणणे, तुमच्या गाद्या तेथे आहेत आणि करारावर सही माझी आहे. अखेर अनामत थकबाकीत वळती झाली आणि वर राहिलेले पैसे त्या मुलाच्या वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून भरले. ती परीक्षा होता होता २१ मार्च २०२१ उजाडला. त्या वेळी तिघे पुन्हा पुण्यास गेले. चौथा गेला नाही. घरी पुन्हा अनामत मागण्याचे त्यास धैर्य झाले नाही. तो आज एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. तो परीक्षा उत्तीर्ण झालाच असता, असे मी म्हणत नाही. पण त्यास बसावयास मिळावयास हवे होते.

त्या तिघांस मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्याही घरी तीच ओढाताण होती. 'खोली बंद राहिली तर काय' हा प्रश्न खोली घेताना कोणी काढलाच नव्हता, आणि अडचणीच्या वेळी काढलेला प्रश्न भांडण होऊनच बाहेर येतो.

या बाबतीत कायदा काय सांगतो तेही सांगून टाकतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविलेला असला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा, मुलांनो, शक्यतो चौघांची नावे करारात घालून घ्या. मालक एकाच नावाचा आग्रह धरील, तर चौघांनी आपापसांत एक साधा कागद करावा. अनामत कोणी किती दिली, मध्येच सोडून जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगावे, त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत हिस्सा कोणी भरावा, आणि खोली बंद राहिली तर काय, एवढे त्यावर लिहून चौघांच्या सह्या असाव्यात. मालकाशी झालेल्या करारात या गोष्टी येत नाहीत. मित्रामित्रांत कागद कसला, असे कोणी म्हणेल. त्याने माझ्या चुलत्यांची ट्रंक आठवावी.

खोल्या लहानमोठ्या असतात तेव्हा दुसरी अडचण येते. आतली खोली शांत, खिडकीची. बाहेरच्या खोलीतून सर्वांची ये-जा. तेथे सरसकट चारने भागणे हा अन्याय होय. माझा एक जुना विद्यार्थी आता गणिताचा प्राध्यापक आहे. त्याने मला सांगितले की, फ्रान्सिस सू नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि, काही साध्या अटी धरल्या तर, भाडे अशा रीतीने विभागता येते की प्रत्येकास आपलीच खोली पसंत पडावी, असे सिद्ध केले. ते प्रमेय माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण त्याचे तात्पर्य ऐकून मला शेताच्या वाटणीची जुनी रीत आठवली. एकाने वाटे पाडावे आणि दुसऱ्याने आधी उचलावे. उचलणारा दुसरा आहे हे माहीत असले, की पाडणाराचा हात आपोआप सरळ चालतो.

खोलीत हे असे करता येईल. समजा, एकूण भाडे ८,००० रुपये आहे. आतल्या दोन जागांस २,२०० आणि बाहेरच्या दोन जागांस १,८०० असे बोलून पाहावे. चौघेही आतच राहू म्हणाले, तर आतला आकडा शंभराने चढवावा व बाहेरचा शंभराने उतरवावा. असे करीत गेले म्हणजे एक वेळ अशी येते की, एखादा म्हणतो, "या भावात मला बाहेरचीच परवडेल." दोघे तसे म्हणाले की थांबावे. त्यानंतर कोणी कोणाच्या खिडकीकडे पाहून मनात कुढत नाही, कारण ती खिडकी त्याने स्वतःच पैशासाठी सोडलेली असते.

मग ज्याची मिळकत अधिक त्याने अधिक द्यावे काय? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. माझे मत असे की, पतिपत्नींमध्ये, भावाभावांमध्ये अवश्य द्यावे. सोबत्यांमध्ये तसा नियम करू नये. त्याने एकास उपकारकर्त्याची आणि दुसऱ्यास मिंधेपणाची सवय लागते. त्याऐवजी खोली ठरवितानाच सर्वांत हलक्या खिशाकडे पाहून ती ठरवावी. वायफाय, पाण्याचे जार, कपड्यांचे यंत्र या गोष्टी ज्यांस हव्या त्यांनी आपसांत वाटून घ्याव्यात.

विजेचे प्रकरण मात्र सरळ नाही, आणि येथे मला आपल्यातील घरमालकांशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांनी कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी या बाजूस चाळी बांधून खोल्या भाड्याने दिल्या आहेत. म्हणजे आपला मुलगा पुण्यास भाडेकरू आहे आणि आपल्या दारी मराठवाड्यातील, विदर्भातील, बिहारमधील कोणाचा तरी मुलगा भाडेकरू आहे. पुष्कळ ठिकाणी दहा खोल्यांस एकच मीटर असतो व बिल माणशी वाटले जाते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढील टप्प्याचा बराच जास्त असतो. दहा खोल्यांचा वापर एका मीटरवर आला की पहिल्या टप्प्याचा लाभ दहांत एकदाच मिळतो, आणि तोटा सोसतो तो गरीब भाडेकरू. शक्य तेथे स्वतंत्र मीटर घ्यावेत. ते न झाले तर प्रत्येक खोलीस निदान मोजणीचा पोटमीटर तरी बसवावा.

खोलीच्या आतही तेच. १,००० वॅटची पाणी तापविण्याची कॉइल एक तास चालली की एक युनिट जळते. सहा मुलांनी रोज अर्धा-अर्धा तास ती लावली, तर दिवसास तीन आणि महिन्यास नव्वद युनिटे होतात. पहिला टप्पा तेथेच संपत येतो. दिवे आणि पंखे अजून मोजावयाचेच आहेत. आता त्या सहांपैकी एकजण बारमाही गार पाण्याने स्नान करणारा असेल, तर त्यास कॉइलच्या खर्चातून वगळणे रास्त. परंतु कोणी किती वेळ दिवा जाळला, कोणाचा फोन किती वेळ चार्जिंगला होता, असला हिशेब मांडू नये. हल्ली फोनवरच पैपैचा हिशेब ठेवणारी साधने निघाली आहेत, असे माझी नात सांगते. ती वापरावीत, पण एका खोलीत चहाच्या अर्ध्या कपावरून दोन मुलींत आठ दिवस अबोला झालेला मी ऐकला आहे. मोठ्या रकमा काटेकोरपणे आणि लहान रकमा उदारपणे, असे मी धरून चालतो. लहान कोणती आणि मोठी कोणती, हे मात्र सर्वांत गरीब सोबत्यास विचारून ठरवावे, कारण त्याचे माप वेगळे असते.

पाहुण्यांविषयीही असेच. कोणाची आई चार दिवस येते, सर्वांस गरम भाकरी करून घालते. अशा आईचे जेवण कोणी खर्चात धरले, तर त्यास मी खोलीतून काढून द्यावे म्हणेन! पण मित्र येऊन महिनाभर ठाण मांडून बसला, तर तो पाहुणा नव्हे, तो पाचवा हिस्सेदार होय. आणि स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे जो करतो त्याचे काम वहीत कोठेतरी दिसले पाहिजे. पाळ्या लावाव्यात, ज्यास पाळी नको असेल त्याने पैसे मोजावेत. मुलींच्या खोल्यांत हे अधिकच पाहावे लागते. जिला घरी कामाची सवय असते तिच्यावरच सारे काम येऊन पडते, आणि ती बोलत नाही.

पालकांस एक विनंती. मुलास निरोप देताना आपण दरमहा किती पाठवू शकतो, हा आकडा त्यास स्पष्ट सांगावा. आपण लाजेपोटी "काही कमी पडू देणार नाही" म्हणतो. मुलगा त्या भरवशावर महागड्या खोलीस होकार देतो. आणि तिसऱ्या महिन्यापासून आपलेही तोंड बंद व त्याचेही. "मला एवढेच परवडते" हे वाक्य पहिल्या दिवशी बोलण्यात कसलाही कमीपणा नाही. पहिल्या दिवशी ते वाक्य ऐकून कोणी दूर गेलाच, तर तो सोबती आपल्या कामाचा नव्हता.

कार्यकारी मंडळाने माझ्या विनंतीवरून आजच्या बक्षिसांबरोबर प्रत्येकास एक आखीव वही दिली आहे. तिची पहिली दोन पाने आपसांतील कागदासाठी सोडली आहेत. पुढील पानांवर भाडे, जेवण आणि वीज असे तीन वेगळे रकाने पाडले आहेत, आणि चौथा रकाना कामाचा आहे. ती वही एकाच्याच हाती राहू नये, दर महिन्यास फिरती ठेवावी. माझ्याकडे ती तीन महिने राहिली, त्याचा परिणाम मी सांगितलाच. यंदाच्या दिवाळीत मुले घरी येतील तेव्हा कोणास हिशेबाचा पेच पडलेला असेल, तर रविवारी सकाळी मी शिरूरला घरीच असतो. वही मात्र बरोबर आणावी, आणि जमल्यास ज्याच्याशी वाद आहे त्या सोबत्यासही.